एका रुपयाने खाल्लेला नफा

परवा आमच्या भागातल्या एका दूध संस्थेचा कच्चा ताळेबंद बघायला मिळाला. दूध थंड करायचं मशीन आठ लाखांचं आणि पहिल्याच वर्षाचा घसारा ५,९४,४०० रुपये! म्हणजे नफा साफ, आणि दिवाळीला सभासदांना मिळणारा दूध फरकही साफ. पैसे कोणी खाल्ले नव्हते. हिशेब लिहिणाऱ्या पोराने एक्सेलमध्ये 'डीबी' हे फंक्शन लावलं होतं, एवढंच.

ही भानगड समजायला थोडं मागे जावं लागतं. कारखान्यांच्या घसाऱ्यावर इंग्लंडमध्ये इविंग मॅथेसन यांचं पुस्तक १८८४ सालीच आलं होतं. घसारा लावायच्या दोन रीती: दरवर्षी सारखी रक्कम, नाहीतर उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के. आपल्याकडे प्राप्तिकरात दुसरी रीत १९३९ च्या दुरुस्तीने आली, आणि १९६१ च्या कायद्यातही ती राहिली. सरकार थेट दर सांगतं: साधारण यंत्राला १५ टक्के, फर्निचरला १०, कॉम्प्युटरला ४०. वस्तू किती वर्षं टिकेल, भंगारात किती येतील, हे कोणी विचारत नाही.

अमेरिकेत उलटं. तिथे आधी वस्तूचं आयुष्य धरायचं. १९५४ च्या करकायद्याने सरळ रीतीच्या दुप्पट दराने घसारा लावायला मुभा दिली. पुढे १९७९ मध्ये व्हिसीकॅल्क आलं, १९८५ मध्ये एक्सेल, आणि हिशेबाची ही तिकडची सवय फंक्शनमध्ये शिरली. 'डीडीबी'तला पहिला डी म्हणजे डबल, तो तिथलाच.

'डीबी' तर दर विचारतच नाही. किंमत, भंगाराची किंमत आणि आयुष्य द्या, दर ते स्वतः काढतं. आपल्या पोराने भंगार किंमत टाकली १ रुपया. का? जुन्या रजिस्टरात निकामी वस्तू एक रुपयावर ठेवायची पद्धत! आता आठ लाखांचे दहा वर्षांत एक रुपया करायचे तर दरवर्षी ७४.३ टक्के उडवावेच लागतात. शून्य टाकलं असतं तर आठही लाख पहिल्या वर्षीच गेले असते. ८०,००० टाकले असते तरी दर निघतो २०.६ टक्के. संस्थेच्या रजिस्टरातला दर मात्र १५, म्हणजे घसारा १,२०,०००. कॉम्प्युटरने कुठेही लाल अक्षरात चूक दाखवली नाही, कारण त्याच्या लेखी चूक नव्हतीच.

'डीडीबी'त भंगार शून्य, आयुष्य १० आणि पट १.५ दिली की १५ टक्के बसतात. पण खरं सांगू का, मागची शिल्लक गुणिले १५ टक्के एवढं साधं सूत्र पुरतं. (प्राप्तिकराला मशीन वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल तर दर निम्मा, तेवढं लक्षात ठेवा.)

पोराने आकडा दुरुस्त केला, ताळेबंद परत लेखापरीक्षकाकडे गेलाय. सध्या सभांचे दिवस आहेत. तुमच्या संस्थेचा अहवाल घरी आला असेल तर घसाऱ्याच्या पानावर दर छापलाय का बघा, आणि नसेल तर त्या पानाचा फोटो मला इनबॉक्समध्ये टाका.