कांचेच्या तंतूंतून संदेश

प्रकाश सरळ रेषेंत जातो, हें शाळकरी मुलासही ठाऊक असतें. जिनीव्हाच्या कोलाडॉननें १८४१ सालीं मात्र पाण्याच्या वांकत्या धारेबरोबर तो वळलेला दाखविला. खरें पाहतां प्रकाश वळला नव्हता. धारेच्या आंतल्या अंगावर आपटत आपटत पुढें गेला होता. १८५४ त टिंडलनें लंडनला तोच प्रयोग केला आणि पुष्कळ काळ श्रेयही त्यालाच मिळालें. इतिहासाची ही जुनीच खोड!

पुढें पाण्याच्या जागीं केसासारखा कांचतंतु आला. १९५४ सालीं लंडनमध्यें हॉपकिन्स आणि पंजाबांत जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं तंतूंच्या जुडग्यांतून चित्र पाठविल्याचें प्रसिद्ध केलें. वैद्यास जठर पाहण्यापुरती ही सोय ठीक होती. पण संदेश दूर धाडावा, तर वीसेक मीटरांतच शंभरांतले नव्याण्णव हिस्से प्रकाश नाहींसा होई. कांचच नालायक, असें बहुतेकांचें मत पडलें.

हें मत १९६६ सालीं चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनीं खोडून काढलें. दोष कांचेचा नव्हे, तींतल्या लोहादि अशुद्ध द्रव्यांचा. एक किलोमीटरअंतीं शंभरावा हिस्सा उरला तरी काम भागेल, असें त्यांनीं मांडलें. १९७० त अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक व शुल्ट्झ यांनीं तसा तंतु ओढून दाखविला. काव यांना नोबेल पारितोषिक मिळण्यास मात्र २००९ साल उजाडलें.

आज हाच तंतु इमारतींच्या जिन्यांतून बिऱ्हाडाबिऱ्हाडांत शिरतो. भिंतीच्या कोपऱ्याशीं कारागीर तो अलगद, गोलाकार वळवितो; फार मुरडला तर प्रकाश बाहेर निसटतो.