मागे जायचं बटण

गेल्या हिवाळ्यात आई साताऱ्याहून आमच्याकडे शारजाला आली होती. आमच्या कन्येला शाळेत अरबी सक्तीचं. आजीला आपली विद्या दाखवावी म्हणून तिने एका दुपारी आजीच्या मोबाइलची भाषा अरबी करून टाकली आणि क्लासला निघून गेली. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर आई फोन हातात धरून बसलेली. अक्षरं कळत नव्हती ते तिने कधीच सोडून दिलं होतं. तक्रार वेगळीच होती. "अरे, डाव्या कोपऱ्यातला मागे जायचा बाण कुठे गेला?" बाण गेला नव्हता, उजव्या कोपऱ्यात उजवीकडे तोंड करून बसला होता.

भाषा पूर्ववत करायला दोन मिनिटं लागली. पण "मागे म्हणजे डावीकडे, हे ठरवलं कोणी?" या तिच्या प्रश्नाने माझी पंचाईत केली. परदेशात जाऊन याच विषयात एम. एस. केलं, वीस वर्षं याच धंद्यात काढली, तरी एका वाक्यात उत्तर देता येईना.

मंडळी, मागे जायचं तर आधी कुठून आलो ते लक्षात ठेवायला हवं. संगणकात त्यासाठी जी युक्ती वापरतात तिला स्टॅक म्हणतात. आपला शब्द आहे चळत. पंगतीत ताटांची चळत असते, शेवटी ठेवलेलं ताट आधी उचललं जातं, तसंच. फ्रीडरिश बाउअर आणि क्लाउस झामेल्सोन या म्युनिकच्या दोघांनी १९५७ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो गणिती सूत्रं सोडवण्यासाठी. आज आपण ॲपमध्ये उघडतो ती प्रत्येक स्क्रीन म्हणजे चळतीवरचं एक ताट. मागे म्हटलं की वरचं ताट निघतं आणि खालचं दिसतं.

ॲपलच्या बिल ॲटकिन्सन यांचं हायपरकार्ड १९८७ साली आलं. एका कार्डावरच्या बटणावरून दुसऱ्या कार्डावर उडी आणि आलेल्या वाटेने परत, अशी त्यात सोय होती. १९९३ सालच्या मोझॅक ब्राउझरनंतर मागे-पुढे जायची बटणं घरोघरी पोचली. मागचा बाण डावीकडे, कारण इंग्रजी वाचताना वाचून झालेलं डावीकडे राहतं. एवढंच!

आमची पिढी मात्र हे शिकली नोकियावर. ३३१० हा फोन २००० साली आला. पडद्याखाली एक मोठं बटण आणि बाजूला 'सी' लिहिलेलं छोटं. सी एकदा दाबलं की एक पायरी मागे, दाबून धरलं की थेट मूळ पडद्यावर. वरच्या कोपऱ्यात मेनूचा क्रमांकही दिसायचा, दारावर घर नंबर असावा तसा. मी वापरून दिलेला तो फोन आईने साताऱ्यात सात-आठ वर्षं वापरला, पण "अडकले रे" असा फोन एकदाही आला नाही. याचं श्रेय मी त्या सी-ला देतो. पुढे कितीतरी देखणे फोन आले, इतकं सरळ बटण मी पुन्हा पाहिलं नाही.

२००७ च्या आयफोनच्या दर्शनी भागावर एकच बटण होतं, घरी नेणारं. मागचा बाण पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात गेला. २००८ साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनला मागे जायचं स्वतंत्र बटण होतं. दोन घराणी तिथेच वेगळी झाली. त्यात अँड्रॉइडवाल्यांनी २०११ मध्ये पडद्यावर आणखी एक बाण बसवला. त्याचा अर्थ 'मागे' नव्हे तर 'वर', म्हणजे ॲपच्या रचनेतली वरची पायरी. आमच्या मीटिंगांमध्ये या फरकावर तासन् तास गेलेत, तिथे आईची काय कथा! मग बटणंही गेली. २०१७ च्या आयफोन टेनला घरचं बटण उरलं नाही आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये कडेवरून बोट सरकवलं की मागे. कुठून कुठे सरकवायचं, हे पडद्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

आणि अरबी वाचक? 'अल खलीज' हे वर्तमानपत्र १९७० साली आपल्या शारजातच सुरू झालं. त्याचा अंक हातात घेतला तर आपल्याला जे शेवटचं पान वाटतं, तेच त्याचं पहिलं. या वाचकाचं 'मागे' उजवीकडे. पण कितीतरी ॲप इंग्रजीत बनायची आणि नंतर त्यांत अरबी शब्द भरले जायचे. अख्खा पडदा आरशासारखा उलटवायची सोय अँड्रॉइडने २०१२ साली आणि ॲपलने २०१५ साली दिली. तरी सगळंच उलटून चालत नाही. फोन नंबर डावीकडूनच वाचतात. गाणं सुरू करायचा त्रिकोणही तसाच ठेवतात, कारण तो टेपची दिशा दाखवतो, वाचनाची नव्हे. इथल्या माझ्या पहिल्याच प्रकल्पात आम्ही बाण उलटवला आणि बोट सरकवायची दिशा उलटवायला विसरलो. एका अरबी सहकाऱ्याने फोन माझ्या हातात ठेवून फक्त भुवया उंचावल्या.

हे ऐकून आई म्हणाली, "पोथीचं पान तर वरच्या बाजूला उलटतात." खरंच की! आजोबांच्या पोथीची सुटी, आडवी पानं. वाचलेलं पान उलटून पलीकडे ठेवायचं. तिथे मागे म्हणजे ना डावं ना उजवं.

दिशा हा यातला सोपा भाग. त्याआधीच्या वर्षी साताऱ्याच्या घराचं विजेचं बिल भरताना आईच्या फोनवर चक्र फिरतच राहिलं. घाबरून तिने मागचा बाण दाबला आणि पुन्हा भरलं. पैसे दोनदा गेले. यथावकाश परत मिळाले, पण पुढचे कितीतरी महिने ती बिल भरायला उन्हातून चालत जात होती, आणि हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. तिची समजूत अशी की मागे गेलं म्हणजे केलेलं पुसलं गेलं. ती चूक आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लिहिताना, चित्र काढताना 'अनडू' केलं की खरंच पुसलं जातं ना? पण पडदा आपल्या फोनवर असतो आणि पैसे दूरच्या सर्व्हरवर हलतात. चळतीवरचं ताट काढलं म्हणून झालेलं जेवण परत येत नाही. काळजीने बनवलेल्या ॲपमध्ये व्यवहाराला आधीच एक क्रमांक देतात आणि तोच पुन्हा आला तर दुसऱ्यांदा पैसे कापत नाहीत. हे काम आमचं, बिल भरणाऱ्याचं नव्हे.

आईने आपला उपाय शोधलाय. दोनशे पानी वहीत प्रत्येक कामाची वाट लिहून ठेवली आहे. "बिल: खालून दुसरं चित्र, मग पिवळं बटण, चक्र थांबेपर्यंत हात लावू नये." ॲपची नवी आवृत्ती आली की पिवळं बटण निळं होतं. परवा व्हिडिओ कॉलवर बसून आम्ही तीन ओळी खोडल्या आणि नव्या लिहिल्या. आता ती पेन्सिलने लिहिते.