व्हिडिओ खेळांच्या वेळी लॅपटॉपचे अतितापन

व्हिडिओ खेळ चालू असताना लॅपटॉपमध्ये निर्माण होणारी उष्णता त्याच वेगाने बाहेर पडू शकली नाही, तर यंत्राचे तापमान सुरक्षित मर्यादेपर्यंत किंवा तिच्यापलीकडे जाते. या अवस्थेस लॅपटॉपचे अतितापन म्हणतात. खेळ मध्येच अडखळणे, पंख्याचा आवाज वाढणे, कळफलक हाताला चटके देण्याइतका तापणे आणि शेवटी यंत्र आपोआप बंद पडणे, ही त्याची नेहमीची लक्षणे होत. दख्खनच्या पठारावरील कोरड्या व उष्ण गावांत ही समस्या उन्हाळ्यात विशेष जाणवते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराला व छावणीला लागून असलेले भिंगार हे अशा हवामानाचे एक उदाहरण आहे. शाळांची उन्हाळी सुटी आणि वर्षातील सर्वाधिक तापमान नेमके एकाच वेळी येत असल्यामुळे मुलांचे खेळणे आणि यंत्राचे तापणे या दोन्ही गोष्टी एप्रिल-मे महिन्यांत परमोच्च बिंदू गाठतात. अनेक घरांत अभ्यासाचा, अर्ज भरण्याचा आणि खेळाचा लॅपटॉप एकच असतो. त्यामुळे तो बिघडला, तर नुकसान केवळ खेळापुरते राहत नाही.

उष्णतेचा उगम

लॅपटॉप वापरत असलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. लेखन किंवा वाचन चालू असताना हा वापर १० ते २० वॅटच्या आसपास असतो. त्रिमितीय दृश्ये असलेल्या खेळात मात्र मुख्य प्रोसेसर व ग्राफिक्स चिप दोन्ही पूर्ण क्षमतेने राबतात आणि खेळांसाठी बनवलेल्या लॅपटॉपमध्ये हा आकडा १०० ते २०० वॅटपर्यंत जातो. विजेचे दोन जुने पिवळे दिवे एका जाड पुस्तकाएवढ्या बंद डबीत सतत पेटते ठेवावेत, असाच हा प्रकार आहे.

ही उष्णता चिपवरून तांब्याच्या पोकळ नळ्यांत जाते. नळीत अल्प प्रमाणात द्रव असतो. चिपकडील टोकाला त्याची वाफ होते, पंख्याकडील टोकाला ती थंड होऊन पुन्हा द्रवरूप होते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून मूळ जागी परतते. पंख्याजवळ धातूच्या पातळ पात्यांची दाट जाळी असते. तिच्यातून वाहणारी खोलीतील हवा उष्णता बाहेर नेते. चिप आणि नळी यांच्यामधील सूक्ष्म फटी भरण्यासाठी उष्णतावाहक लेप (थर्मल पेस्ट) लावलेला असतो.

या रचनेतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. पंखा कितीही वेगाने फिरला, तरी तो यंत्राला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. चिपचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक यंत्राने स्वतः निर्माण केलेली वाढ, असा ढोबळ हिशेब मांडता येतो. २५ अंश सेल्सिअसच्या खोलीत एखाद्या खेळामुळे चिप ८५ अंशांवर स्थिरावत असेल, तर ३८ अंशांच्या खोलीत तोच खेळ तिला ९८ अंशांच्या घरात नेईल. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. जानेवारीत विनातक्रार चालणारे यंत्र मे महिन्यात ‘अचानक खराब’ का होते, याचे उत्तर बहुधा एवढेच असते.

भिंगार परिसरातील परिस्थिती

भिंगार समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारचे कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास पोहोचते, आणि पत्र्याच्या छताखालील खोली त्याहूनही तापू शकते. या उंचीवर हवेची घनता समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी असते. तापलेली हवा आणखी विरळ होते. पंखा तेवढेच फिरून थोडी कमी उष्णता वाहून नेतो. हा परिणाम लहान आहे, पण मुंबईतील अनुभव पठारावर जसाच्या तसा लागू पडत नाही, हे त्यावरून लक्षात यावे.

खरा शत्रू धूळ आहे. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात पावसाळ्याआधीच्या वाऱ्यांबरोबर बारीक माती घरात येते आणि पंख्याच्या मागील जाळीवर कापडी धाग्यांसह तिचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून यंत्र स्वच्छ दिसत असतानाही आतील वाट बंद झालेली असू शकते.

कोरड्या हवेचा एक फायदाही आहे. पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करणारे कूलर येथे प्रभावी ठरतात आणि अनुकूल स्थितीत हवेचे तापमान दहा-बारा अंशांनी उतरवतात. शहराच्या आग्नेयेस तलावाच्या मध्यभागी उभारलेल्या निजामशाहीकालीन फराहबागेस भोवतालच्या पाण्यामुळे मिळणारा गारवा याच तत्त्वावर आधारलेला होता. याशिवाय पठारावर दिवस व रात्र यांच्या तापमानांत बरेच अंतर असते. त्यामुळे दुपारी एकऐवजी पहाटे किंवा रात्री खेळणे हा बिनखर्ची आणि बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय होय. तो सर्वांत कमी पाळला जातो, ही गोष्ट वेगळी.

परिणाम

मर्यादा जवळ येताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. यास थ्रॉटलिंग म्हणतात. हे संरक्षण असून बिघाड नव्हे. खेळणाऱ्याला मात्र दृश्ये तुटक दिसू लागतात. २०१८ च्या जुलैमध्ये ॲपलच्या नव्या मॅकबुक प्रोमधील प्रोसेसर मोठ्या भाराखाली अपेक्षेहून अधिक मंदावत असल्याचे उघड झाले. तापमान-नियंत्रणाच्या प्रणालीतील त्रुटी मान्य करून कंपनीने त्याच महिन्यात दुरुस्ती प्रसृत केली. म्हणजे दोष नेहमी वापरणाऱ्याकडे किंवा धुळीकडेच असतो असे नाही.

वारंवार तापणे व थंड होणे यांमुळे धातूचे सूक्ष्म जोड प्रसरण-आकुंचन पावून थकतात. एन्व्हिडिया कंपनीने जुलै २००८ मध्ये लॅपटॉपमधील काही ग्राफिक्स चिपांच्या वेष्टनातील सदोष द्रव्यामुळे होणाऱ्या बिघाडांसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती.

शरीरावरील परिणाम कमी परिचित आहे. मांडीवर तापलेला लॅपटॉप रोज ठेवल्यास त्वचेवर जाळीदार तपकिरी डाग पडू शकतात. खेळण्यासाठी लॅपटॉप अनेक महिने मांडीवर घेणाऱ्या स्वित्झर्लंडमधील १२ वर्षांच्या एका मुलाची अशी नोंद ‘पेडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झाली. काश्मीरमध्ये अंगाजवळ कांगडी बाळगणाऱ्यांच्या त्वचेवर दिसणारे डाग याच प्रकारचे असतात.

प्रतिबंधक उपाय

सर्वसाधारण प्रवृत्ती अधिक वारा पुरवण्याकडे असते. उष्णता मुळातच कमी निर्माण करणे हा मात्र अधिक भरवशाचा मार्ग आहे. पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवू शकत असेल आणि खेळ १४० चित्रे तयार करीत असेल, तर उरलेल्या ८० चित्रांची मेहनत निव्वळ उष्णतेच्या रूपात वाया जाते. खेळाच्या मांडणीत चित्रांची कमाल संख्या ६० वर, किंवा साध्या खेळांत ४० वर बांधून टाकावी. सावल्या व प्रतिबिंबे यांची प्रत एक पायरी खाली आणल्यास दृश्यात फारसा फरक पडत नाही, पण भार बराच हलका होतो.

प्रोसेसरचा वीजवापर विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दाब १.२ व्होल्टवरून १.१ व्होल्टवर आणल्यास, वेग तोच ठेवूनही, या घटकामुळे वापर सुमारे १६ टक्क्यांनी घटतो. जाणकार यालाच अंडरव्होल्टिंग म्हणतात. काही उत्पादकांनी ही सोय बंद ठेवलेली असते. ज्यांना तेवढे करावयाचे नाही, त्यांनी विंडोजमधील वीजव्यवस्थापनात प्रोसेसरची कमाल अवस्था १०० ऐवजी ९९ टक्के करावी. बहुतेक इंटेल यंत्रांवर त्यामुळे क्षणिक वेगवाढ थांबते आणि तापमान लक्षणीय उतरते.

लॅपटॉप नेहमी टेबल, पाट किंवा लाकडी फळी अशा कठीण व सपाट पृष्ठभागावर ठेवावा. गादी, उशी किंवा गोधडी तळाचे झरोके बुजवते. मागील दोन कोपऱ्यांखाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे ठोकळे ठेवल्यास हवेला वाट मिळते, आणि अनेकदा एवढ्यानेच काही अंशांचा फरक पडतो. पंखे असलेले शीतपट उपयोगी पडतात खरे, परंतु ज्यांच्या तळाशी झरोकेच नाहीत अशा यंत्रांवर त्यांचा लाभ अल्प असतो. कूलर खोली थंड करण्यासाठी वापरावा. त्याच्या थेट झोतात यंत्र ठेवल्यास पाण्याचे तुषार व त्यांतील क्षार आत जाण्याचा धोका असतो.

धुळीच्या गावात वर्षातून दोनदा, त्यातही मार्चच्या सुमारास एकदा, आतील सफाई करून घेणे इष्ट. यंत्र पूर्ण बंद करून व बॅटरीची जोडणी सोडवून दाबयुक्त हवेने जाळी साफ करतात. त्या वेळी पंखा काडीने अडवून धरावा, कारण झोताने तो अतिवेगाने फिरल्यास त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर स्थिर विद्युत निर्माण करतो, म्हणून तो टाळावा. लेप वाळल्यास दोन-तीन वर्षांनी बदलतात. हे काम हमीच्या मुदतीत परस्पर करू नये.

लॅपटॉपखाली बर्फाची पिशवी किंवा ओले फडके ठेवण्याची युक्ती सांगितली जाते. ती घातक आहे. थंड पृष्ठभागावर हवेतील बाष्प दवासारखे साचते आणि ते पाणी विद्युतमंडलात उतरू शकते. पावसाळ्यात, हवा दमट असताना, हा धोका वाढतो. तापलेले यंत्र फ्रिजमध्ये ठेवणे हाही त्याच जातीचा अविचार होय.

बॅटरी

लिथियम-आयन बॅटरी प्रोसेसरपेक्षा कितीतरी नाजूक असते. उच्च तापमान आणि पूर्ण भारित अवस्था एकत्र आल्यास तिचा ऱ्हास वेगाने होतो. खेळताना लॅपटॉप सतत विजेला जोडलेला असल्याने नेमकी हीच जोडी जमते. अनेक यंत्रांत भारण ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती उन्हाळ्यात चालू ठेवावी. बंद मोटारीत, उन्हात, लॅपटॉप ठेवू नये.

टचपॅड वर उचलला जाणे, तळ फुगणे किंवा झाकण नीट न मिटणे ही बॅटरी फुगल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी खेळ तर सोडाच, यंत्र चालू करणे आणि विजेला जोडणेही तत्काळ थांबवावे. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नये, कारण ती पेट घेऊ शकते. ती घरच्या कचऱ्यातही टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा ती अधिकृत सेवाकेंद्रात किंवा नोंदणीकृत संकलकाकडे द्यावी.