मार्क्वेस म्हणजे सीमेवरचा माणूस

मी साताऱ्याचा. त्यामुळे शाळेच्या पुस्तकातला डलहौसी आमच्यासाठी नुसता परीक्षेपुरता नव्हता. १८४८ साली छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज वारले, त्यांचं दत्तकविधान त्याने नामंजूर केलं आणि आमचं राज्य खालसा झालं. पुस्तकात तो ‘लॉर्ड’ होता. पुढच्याच वर्षी तो ‘मार्क्वेस’ झाला, हे मला फार उशिरा कळलं. दुसऱ्यांचा जुना कोड वाचून वाचून एक खोड लागलीय. नाव दिसलं की ते कुणी आणि का दिलं, हे शोधत बसतो.

‘मार्क’ म्हणजे सीमा. डेन्मार्कमधला ‘मार्क’ तोच. इसवी सन ८००च्या सुमारास शार्लमेनचं राज्य पश्चिम युरोपात दूरवर पसरलं होतं. आतल्या मुलखात काउंट कारभार बघायचे. सरहद्दीवर मात्र हल्ला झाल्यावर राजाच्या हुकुमाची वाट बघून चालायचं नाही. म्हणून तिथल्या अधिकाऱ्याकडे जास्त फौज आणि जास्त अधिकार. जर्मनांचा तो ‘मार्कग्राफ’. फ्रेंचांमार्फत इंग्लंडात आला तो ‘मार्क्वेस’. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात असाच सीमा राखणारा अधिकारी आहे, अंतपाल.

इंग्लंडमध्ये पहिला मार्क्वेस झाला तो १३८५ साली, रॉबर्ट द व्हीअर. तिथे या पदवीचा सीमेशी संबंध उरला नाही. ड्यूकच्या खाली, अर्लच्या वर, एवढाच अर्थ राहिला. जॉन बोफर्टची काढून घेतलेली ही पदवी त्याला परत द्यावी, अशी विनंती १४०२ साली पार्लमेंटने केली. त्यानेच ती नाकारली. म्हणाला, हे नाव या देशात परकं आहे.

आता आपले गव्हर्नर जनरल बघा. कॉर्नवॉलिस मार्क्वेस झाला १७९२ साली, टिपूचा निम्मा मुलूख काढून घेतल्यावर. वेलस्ली १७९९ साली, टिपू पडल्यावर. हेस्टिंग्ज १८१७ साली, नेपाळशी युद्ध जिंकल्यावर. पुढच्या वर्षी त्याच्याच काळात पेशवाई बुडाली. आणि डलहौसी १८४९ साली, पंजाब घेतल्यावर.

जुना मार्क्वेस सीमा राखायचा. या चौघांना ती पदवी मिळाली सीमा पुढे सरकवल्याबद्दल. देणाऱ्यांच्या मनात शब्दाचा मूळ अर्थ असण्याचं काही कारण नाही. पण साताऱ्यात बसून वाचताना तो अर्थ काही केल्या डोक्यातून जात नाही. सरकणारी ती सीमा आमच्या गावावरूनही गेली होती.