‘दहा मार्च’
१९५९ साली या दिवशी ल्हासात चिनी सत्तेविरुद्ध उठाव झाला. दलाई लामा ३१ मार्चला भारतात पोचले. महाराष्ट्रातली तिबेटी वसाहत, नोर्ग्येलिंग, गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळ आहे. ‘दहा मार्च’ या मजकुरातल्या ‘मुक्ती’ या शब्दापाशी मात्र धाराशिवच्या वाचकाने थबकावे. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या राज्यात, आपल्या नळदुर्गात शिरल्या, १७ला निजामाने शरणागती पत्करली. त्याला आपण मुक्ती म्हणतो. १९५१च्या तिबेटविषयीच्या सतरा कलमी करारालाही बीजिंग ‘शांततामय मुक्ती’च म्हणते! शब्द एकच. पण इथल्या लोकांनी त्याआधी निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांशी झुंज घेतली होती. तिबेटींना कुणी विचारलेच नव्हते. लेखकाने या दोन्ही ‘मुक्तीं’ची सांगड घातली आहे ती तिबेटींच्या बाजूने उभे राहण्यासाठी. चीनचा दावा लेखकाला मान्य नाही. – संपा.