दादासाहेबांचा कॅमेरा आणि काशी

काशी नगरीला दृश्यांची उणीव कधीच नव्हती. गंगेच्या पश्चिम तीरावर चंद्रकोरीसारखी वळत गेलेली घाटांची रांग पूर्वाभिमुख आहे. त्यामुळे उगवत्या सूर्याचा पहिला प्रकाश थेट पायऱ्यांवर पडतो. शिंदे घाट, भोसले घाट, अहिल्याबाई घाट ही नावे ऐकली की मराठी माणसाला तेथे परकेपणाही वाटत नाही. १८६३ साली हिंदुस्थानात आलेल्या सॅम्युएल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराने या घाटांची चित्रे टिपली, तेव्हा काचेवर द्रव्याचा थर देऊन, तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच अंधारात ते धुवावेही लागे. आज त्याच पायऱ्यांवर पहाटे नवशिक्यांची दाटी होते. हातातला साधा कॅमेरा ठेवून अधिक मोलाचा घ्यावा काय, आणि घ्यावा तर केव्हा, हा प्रश्न त्यांतील अनेकांना पडतो.

श्रोतेहो, हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. त्याचे उत्तर काशीशी दुहेरी नाते असलेल्या एका मराठी कलावंताच्या चरित्रात सापडते. हे कलावंत म्हणजे धुंडिराज गोविंद, अर्थात दादासाहेब फाळके.

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब चलच्चित्राकडे वळले ते चाळिशीच्या उंबरठ्यावर. या विद्येत ते नवखे होते, परंतु चित्रविद्येत नव्हते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले होते. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. पुढे पुराणवस्तू खात्यातील नोकरी आणि त्यानंतर छपाईचा धंदा यांत त्यांचे हात मुरले होते. १९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिल्यावर, आपल्या पुराणपुरुषांना असेच पडद्यावर आणावे, हा ध्यास त्यांना लागला.

तथापि ध्यास लागताच त्यांनी मोठे यंत्र मागविले नाही. प्रथम त्यांनी पुस्तके आणि यंत्रांच्या सूची जमविल्या, एक छोटा फिल्म-कॅमेरा व काही रिळे मिळविली, आणि रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून पाडून भिंतीवर चित्रे हलवून पाहिली. अखंड पाहण्याच्या श्रमाने त्यांची दृष्टी काही काळ गेली आणि उपचारानंतरच ती परत आली. या साधनाने जे शिकण्याजोगे होते ते शिकून झाले, आणि मगच पुढचे पाऊल पडले.

ते पाऊल मात्र धाडसाचे होते. बारा हजार रुपयांच्या विमापत्रांवर त्यांनी दहा हजारांचे कर्ज काढले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तेथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची सेसिल हेपवर्थ या चित्रपटनिर्मात्याशी गाठ घालून दिली. दादासाहेबांनी हेपवर्थ यांचा कारखाना पाहिला, जाणकारांचा सल्ला घेतला आणि मगच विल्यमसन बनावटीचा, हाताने दांडा फिरवून चालवावयाचा कॅमेरा पन्नास पौंडांना विकत घेतला. त्या वेळच्या विनिमयदराने ही रक्कम साडेसातशे रुपये होते. म्हणजे कर्जाचा दशांशही कॅमेऱ्यात गेला नाही! फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र, कोरी फिल्म, प्रवास आणि शिक्षण यांसाठी त्यांनी पैसा राखला. यंत्र घेताना सारी पुंजी ओतून पुढे सरावास काही न उरणे ही नवशिक्याची नेहमीची फसगत असते. ती त्यांनी टाळली.

मे महिन्यात सामान मुंबईस आले. सोबतच्या आराखड्यावरून दादासाहेबांनी चार दिवसांत ते जोडले. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे पत्नी सरस्वतीबाई आणि घरची मंडळी शिकली. पहिले चित्रण कोणाचे? कोण्या देवाचे वा राजाचे नव्हे, आसपास खेळणाऱ्या मुलांचे. त्यानंतर कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून महिन्याहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करीत त्यांनी रोपाची वाढ टिपली. पडद्यावर ती जेमतेम एका मिनिटात उलगडत असे. हा प्रयोग पाहूनच पुढील चित्रपटासाठी कर्ज देणारे पुढे आले. साध्या कॅमेऱ्याने न साधणारी गोष्ट नव्या कॅमेऱ्याने साधते, हे त्या रोपट्याने सिद्ध केले.

आणि मग आला ‘राजा हरिश्चंद्र’. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो झळकला. कथा काशीचीच! वचनपूर्तीसाठी राज्य सोडून आलेला राजा याच नगरीत स्वतःला विकतो आणि स्मशानाची राखण करतो. तेथील हरिश्चंद्र घाट अजून त्याची आठवण वागवितो. स्वतःचा विमा गहाण टाकून आलेल्या निर्मात्याला हीच कथा निवडावीशी वाटली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दुसरे नाते अधिक करुण आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतील भागीदारांशी मतभेद होऊन दादासाहेबांनी चित्रसृष्टीचा निरोप घेतला आणि ते सहकुटुंब काशीस जाऊन राहिले. उत्तम यंत्र चालविणारा हा पुरुष तेथे लेखणी घेऊन बसला आणि त्याने ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. ‘संदेश’कार अच्युत बळवंत कोल्हटकरांनी परतण्याची गळ घातली, तेव्हा चित्रपटापुरता आपण मेलो, अशा आशयाचे उत्तर त्यांनी धाडले. ते छापून येताच वाचकांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला, आणि अखेर दादासाहेब नाशिकला परतले.

त्या काशीवासात कॅमेऱ्यात कोणताही दोष निर्माण झाला नव्हता. तुटले होते ते माणसामाणसांतील सहकार्य. उत्तम साधन कलावंताचा हात लांब करते, परंतु जो हात अगोदर कामाला लागलेला आहे त्याचाच. म्हणून घाटावरच्या नवशिक्याने दुकानाकडे वळण्यापूर्वी स्वतःस एवढेच विचारावे: आपल्या मनातील कोणते चित्र हातातल्या साधनाने खरोखर अडले आहे? त्याचे नेमके उत्तर देता आले, की समजावे, मोठ्या कॅमेऱ्याची वेळ झाली.