क्वचित् हजर होणारा दोष

पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षमळ्यात वाढलेल्या माणसाला एका विशिष्ट बिघाडाची ओळख लहानपणीच होते: रात्रपाळीच्या विजेवर विहिरीची मोटर तीनदा बंद पडते, सकाळी वायरमनने स्टार्टर दाबताच सुरळीत चालते, आणि त्याची पाठ वळली की पुन्हा अडते. आमच्याकडे असे झाले तेव्हा त्याच केबलवर ठिबकासाठी दुसरी मोटर नुकतीच जोडलेली होती, म्हणून सारा ठपका त्या नवागत मोटरीवर आला. पुढे कंपायलरच्या, म्हणजे माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या बोलीत उतरवणाऱ्या साधनाच्या, कामात पडल्यावर हीच फिर्याद मी वारंवार ऐकली: नवी सोय घातली, आणि काल नेमाने उत्तीर्ण होणाऱ्या चाचण्या आज दहांत एखाद्या वेळी नापास होऊ लागल्या.

या धंद्याच्या आरंभकाळी असा दोष यंत्राच्या देहातच वसत असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या, १९६० साली पूर्ण झालेल्या आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी ज्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले त्या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. आणि नलिकेचा स्वभाव असा, की पुरती निकामी होण्यापूर्वी ती कित्येक दिवस अधूनमधूनच चुके. अमेरिकेत एमआयटीच्या व्हर्लविंड यंत्राच्या कर्त्यांनी यावर जो उपाय योजला तो मला फार थोर वाटतो: तपासणीच्या वेळी ते विद्युत्दाब मुद्दाम कमीजास्त करीत, म्हणजे पुढे दगा देऊ पाहणारी नलिका आजच उघडी पडे. आमच्या मळ्यातला दोषही असाच हाती लागला. भरदुपारी दोन्ही मोटरी एकदम चालू ठेवून केबल हातभर-हातभर चाचपली, तेव्हा बांधाजवळ एक जुना जोड कढत लागला. चिकटपट्टीखाली तार काळी पडली होती. एका मोटरीचा भार तो वर्षानुवर्षे निभावत आला होता.

१९६४ साली टाटा संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला, फोरट्रान या भाषेचा कंपायलर आला, नलिका गेल्या; दोष मात्र तारांतून निघून स्मृतीच्या हिशेबात शिरला. एखादी जागा कोरी न करताच वाचलेली असते, तिथे बहुधा शून्य सापडते म्हणून सारे निभावते. किंवा एखादी यादी स्मृतीतल्या पत्त्यांच्या क्रमाने चालते, आणि पत्ते तर दर खेपेला निराळे. नव्या सोयीने स्मृतीची मांडणी जराशी सरकली, की बारा वर्षांची चूक जागी होते. अशा वेळी चाचणी पुन्हा चालवून, ती उत्तीर्ण झाली म्हणून प्रकरण दप्तरदाखल करणे ही मी सरळ कसूर समजतो, कारण दोष गैरहजर राहिला एवढ्यावरून तो निर्दोष सुटत नाही.

१९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रसृत केलेल्या आणि पुढे पवईच्या आयआयटीत उदय खेडकर व त्यांच्या विद्यार्थ्यांनी बारकाईने अभ्यासलेल्या जीसीसी या कंपायलरमध्ये अशा दोषाची जी तजवीज आहे तिची जात व्हर्लविंडचीच. तिथे कंपायलर स्वतःलाच तीनदा घडवतो: प्रथम यंत्रावरच्या उपलब्ध कंपायलरने, मग त्या पहिल्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा, आणि सारख्याच निघायला हव्यात अशा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या फाइली ताडून पाहताना तफावत आढळली, तर बांधणी तिथेच थांबते.